खिचडीच्या आधीची पंधरा मिनिटं

आमच्या शाळेत खिचडी एक वाजता वाटतात. पावणेएकपासून पोरांचं लक्ष शिकवण्यात नसतं, हे सत्य शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही, आणि ती पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. वर्गाच्या डाव्या अंगाला खिडकी, खिडकीबाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये चूल आणि चुलीवर खिचडीचं मोठं भांडं, गंज. गंजावरचं झाकण सरकलं की हळदीचा आणि फोडणीचा वास आत येतो आणि वर्गातल्या एकूण एक माना डावीकडे वळतात. शहाणा शिक्षक ही पंधरा मिनिटं फळा पुसण्यात घालवतो. गुरुजी त्या पंधरा मिनिटांत आपल्या गोष्टी वाचायचे. मुद्दाम.

गुरुजींचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या नावाचे फ्लेक्स पुष्कळ लागून गेले, त्यात माझ्या कागदाची भर नको. विदर्भातल्या ज्या घरात शाळेत जाणारं पोर होतं, त्या घरात त्यांचं एक तरी पुस्तक कव्हर फाटलेल्या अवस्थेत असायचं. कव्हर शाबूत असलेलं बालपुस्तक म्हणजे न वाचलेलं, असं ते म्हणत. दारव्हा तालुक्यात, बोरी अरबपासून चार-पाच किलोमीटरवर आमची दोन खोल्यांची शाळा. मी तिथं बदलून आले तेव्हा त्यांची तीन पुस्तकं निघाली होती आणि ते नुकतेच प्रसिद्ध होऊ लागले होते, म्हणजे अजून माणसांत होते.

ते मूळचे राळेगावकडचे. घरी कापूस, तूर. घरात पुस्तक म्हणजे पंचांग. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा दिवाळीपर्यंत शाळेत पोचला नाही. पोरांसमोर रोज काय करायचं? भिंतीवर भारताचा एक जुना नकाशा होता आणि नकाशामागं एक पाल राहायची. गुरुजींनी त्या पालीची गोष्ट सुरू केली. पाल सकाळी काश्मिरात, दुपारी नागपुरात, संध्याकाळी केरळात. नकाशाला भोक पडलं होतं तिथं ती डोकं बाहेर काढायची आणि त्या गावचं काहीतरी बोलायची. दिवाळीला गठ्ठा आला तेव्हा पोरांनी तो सोडायलाच नकार दिला, म्हणे पाल अजून बंगालात अडकली आहे.

पहिलं पुस्तक यवतमाळात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये निघालं. चित्रंही लग्नपत्रिकांवर गणपती काढणाऱ्यानंच काढली. त्याची पाल इतकी भरदार होती की एका पोरानं पत्र लिहून विचारलं, शाळेतल्या मगरीला मास्तर हाकलत का नाहीत? गुरुजींनी पुढच्या पुस्तकात पालीला स्वतःच त्या चित्राबद्दल तक्रार करायला लावली. पोरं खूश. मग मोठ्या शहरातला प्रकाशक आला, आवृत्त्या निघाल्या, पाठ्यपुस्तकात धडा लागला. ज्या गठ्ठ्याच्या उशिरामुळं ते लेखक झाले, त्या गठ्ठ्यातच ते जाऊन बसले.

शाळेत तांदूळ घरी न्यायला देणं बंद होऊन शिजवलेली खिचडी सुरू झाली, तेव्हा सगळ्या मास्तरांनी कुरकुर केली. गुरुजींनी त्यातून आपली कसोटी काढली. मी आले त्याच आठवड्यात त्यांनी मला एक निळी पेन्सिल आणि गोष्टीची एक कार्बन कॉपी दिली.

"बाई, तुम्ही मांगं अलमारीपाशी बसा. मी वाचतो. ज्या ओळीले पोराची मान खिचडीकडं वळली, थ्या ओळीवर एक टिंब द्या. दोन माना, दोन टिंब."

"तुम्हीच का नाही बघत?"

"मी पाह्यलं तर थे मान वळवत नाईत. मास्तरले भेतात. म्हणून मी पुस्तकातून डोकंच काढत नसतो."

"आणि टिंबांचं काय करायचं?"

"दोन टिंबाले माफी. एखादं पोट्टं जन्माचंच भुकेलं असते. तीन टिंब झाले का ओळ गेली."

मला हा साहित्याचा अपमान वाटला होता. मी एम. ए. होते, आणि नवीन एम. ए. झालेल्या माणसाला साहित्याच्या अपमानाची फार काळजी असते. पण वर्षभर टिंबं देऊन मी शहाणी झाले. जी ओळ मला सुंदर वाटे तिथं हमखास सहा माना वळत. जिथं पालीची शेपटी तुटून मास्तरांच्या चहात पडली, तिथं झाकण वाजलं तरी एक मान हलली नाही. ज्या दिवशी गोड शिरा असे, त्या दिवशी गुरुजी सगळ्यात अवघड पान घेत. "शिऱ्याले हरवलं थे पान पक्कं," असं म्हणत. मोठमोठ्या परीक्षणांत मी त्यांच्या पुस्तकांची जी स्तुती वाचली आहे, तिच्यातलं एकही कारण खरं नव्हतं. पुस्तकं चांगली होती कारण त्यातला प्रत्येक कंटाळा आमच्या चौथीच्या वर्गानं खिडकीतून बाहेर फेकला होता.

खिचडी शिजवणाऱ्या मावशीलाही या कामाचा अभिमान होता. वाचन चालू असताना ती मुद्दाम झाकण उघडून सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकायची, म्हणजे वास जोरात जावा. "गुरुजी, आज टाइट परीक्षा घेतली तुमची," असं वर सांगायची. गुरुजी निवृत्त झाले, तरी आठवड्यातून एकदा एसटीनं यायचे, पिशवीत कार्बन कॉपी घेऊन. शाळेत तोवर तीन खोल्या झाल्या होत्या आणि मी मुख्याध्यापक. पेन्सिल मात्र तीच, निळी.

मग सत्कार सुरू झाले.

आधी ते 'बालसाहित्यिक' होते. मग 'ज्येष्ठ' झाले. मग कुणीतरी एका निमंत्रणपत्रिकेत 'बालसाहित्यमहर्षी' छापलं आणि एकदा छापलेलं विशेषण आपल्याकडं कमी होत नसतं. शाली इतक्या आल्या की वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, त्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. थंडीत गुरुजी महर्षीपदाखाली झोपत. त्यांना या सगळ्याचं हसू येई. निदान मला तसं वाटे. पण माणसाला रोज महर्षी म्हटलं की त्याच्या वाक्यांना हळूहळू दाढी फुटते. प्रत्येक नव्या पदवीबरोबर त्यांची पाल एकेक वाक्य जास्त बोलू लागली. आधी ती माशा खायची. आता ती माशांच्या जीवनावर चिंतन करायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांना हलकासा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा पाय ओढत चालू लागले, उजव्या हातात ताकद राहिली नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, जपा. महिनाभरानं वहिनींचा मला फोन आला.

"बाई, हे नवीन पुस्तक सांगून राह्यले. मी लिहून घेऊन राह्यली. शेवटचं हाय म्हणतात. याच्यावरच उभे हायेत ते, बाई. नाई तं भिंतीकडं तोंड करून पडून राहतात."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं हाय का नाई, थे मले नाई समजत. तुम्ही सांभाळून घ्या."

मी या शेवटच्या वाक्याचा अर्थ लावत बसले, आणि चुकीचा लावला.

पहिल्या वाचनाला ते रिक्षानं आले. खुर्चीत बसून वाचलं, नेहमीसारखं डोकं खाली. आवाज खोल गेला होता. पहिल्या प्रकरणात पाल म्हातारी झाली आहे आणि नकाशावरच्या लहान मुंग्यांना जीवनाचं सार सांगते. तिसऱ्या ओळीला पहिली मान वळली. पानाच्या शेवटी मी मोजणं सोडून दिलं. साधी मुगाची खिचडी होती, सणासुदीची नव्हे. एका पोरीनं तर जांभई देत खिडकीवर हनुवटी टेकवली. टिंबांनी कागद गोवर आल्यासारखा दिसत होता.

गुरुजींनी हात पुढं केला. "द्या."

मी म्हटलं, "कागद ऑफिसात राहिला, आणते." ऑफिसात जाऊन मी खोडरबर घेतला आणि अख्खं प्रकरण पुसून काढलं. नोकरीत मी पटसंख्येचे आकडे कधी फुगवले नाहीत, खोटा शेरा कुणाच्या प्रगतिपुस्तकात लिहिला नाही. त्या दिवशी पाच मिनिटांत सगळं व्याजासकट करून टाकलं.

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला.

"एकबी टिंब नाई?"

"नाही."

"आज काय होतं?"

"मुगाची."

"मुगाची," ते म्हणाले. "मंग पुढच्या टायमाले शिरा असन त्या दिवशी येतो."

ते गेल्यावर मला खोडरबराची लाज वाटली. खोटं बोलायची लाज वाटली की माणसानं खरं बोलावं, अशी शिकवण आहे. मी त्याऐवजी खोटं खरं करायची व्यवस्था केली. मावशीला म्हटलं, गुरुजी येतील त्या दिवशी पोरांना बारालाच वाढायचं. तोंडं धुऊन, ताटं घासून, रांगेत बसवायची. रिकाम्या गंजात थोडं पाणी टाकून, झाकण लावून तो चुलीवर तसाच ठेवायचा.

मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खिडकीकडं पाहू लागले.

"मॅडम, हे गुरुजीले फसवणं नाई का?"

"त्यांची तब्येत बघितली ना तुम्ही?"

"तब्येतीले बाप्पा मीठ कमी करा म्हणतात डाक्टर," मावशी म्हणाली, "तुम्ही तं खिचडीच काढून घेतली." पण तिनं केलं. मी मुख्याध्यापक होते.

पोट भरलेली पोरं काहीही ऐकतात. हे मी सभा-संमेलनांतल्या मोठ्या माणसांकडं पाहून ओळखायला हवं होतं. पुढची अकरा प्रकरणं पोरांनी पेंगत, पण सरळ मानेनं ऐकली. वळायला डावीकडं काही नव्हतंच. आता मला खोडरबराचीही गरज नव्हती. कागद आपोआप कोरे राहत. मी दर वेळी अलमारीपाशी पेन्सिल घेऊन बसे आणि दर वेळी मनात म्हणे, आज सांगू. प्रकरण संपलं की गुरुजी कोरा कागद दोन्ही बाजूंनी उलटून बघत, पिशवीत ठेवत आणि पाय ओढत फाटकापर्यंत जात. ते चालणं बरं होत होतं, हे मला दिसत होतं. वहिनी सांगत, रात्री दोन भाकरी खाऊन राह्यले. मग मी पुढच्या वेळेवर ढकले. असं करत पुस्तक संपलं, आणि एकही ओळ न कापता प्रकाशकाकडं गेलं.

"आयुष्यात पह्यल्यांदा," ते मला म्हणाले, "कात्रीच नाई लागली. म्हातारपणी जमलं वाटते."

प्रकाशन पुसदला ठेवलं होतं. एका शिक्षणसंस्थेचं मैदान, मोठा मांडव, आणि स्टेजमागं गुरुजींचा इतका मोठा फोटो की प्रत्यक्ष गुरुजी त्याच्या हनुवटीखाली बसलेले दिसत. आजूबाजूच्या शाळांमधली चार-पाचशे मुलं सकाळी दहाला आणून बसवली होती. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. मग दीपप्रज्वलन, मग पंख्यानं विझलेल्या दिव्याचं पुन्हा प्रज्वलन, मग स्वागतगीत, मग पाहुण्यांची ओळख. ही ओळख जो करून देत होता त्याचीही आधी ओळख झाली. मुलांचं जेवण कार्यक्रमानंतर होतं. जेवणाचा मांडव मुलांच्या डाव्या हाताला होता. तिथं मसालेभात शिजत होता आणि बुंदी पडत होती.

मी हे दहा वाजताच पाहिलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांकडं जाऊन म्हटलं, "पोरांना आधी जेवू घाला, लहान आहेत."

"मॅडम, जेवल्यावर एक तरी थांबते का?" ते म्हणाले. "मग साहेबांसमोर मांडव खाली दिसन."

त्यांचं म्हणणं तसं बरोबर होतं. पोरांना धरून ठेवायला अन्न पुढं ठेवायचं की मागं, एवढाच आमच्यात मतभेद होता. आणि या विषयात मी कुणाला नैतिक उपदेश करावा, अशी माझी परिस्थिती नव्हती. मी वहिनींजवळ जाऊन बसले.

दोन वाजता गुरुजी उठले. भाषण करणार नाही, तिसरं प्रकरण वाचतो, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पुस्तक समोरच्या उंच लाकडी स्टँडवर ठेवलेलं. उजव्या हातात ताकद नव्हती म्हणून ते डाव्या हातानं पान उलटत, आणि त्याला वेळ लागे. त्यांचा जन्मभराचा नियम होता, वाचताना पोरांकडं बघायचं नाही. पण पान उलटेपर्यंत डोळ्यांना काम नसतं. पहिलं पान उलटताना त्यांनी वर पाहिलं.

माना वळलेल्या होत्या. पुढच्या दोन रांगा सोडल्या, तर सगळ्या. शेतात वाऱ्यानं पिकं एका बाजूला झुकावीत तशा. पुढच्या दोन रांगांत शिक्षक उभे होते.

त्यांनी दुसरं पान वाचलं. पुन्हा वर पाहिलं. तिसरं पान त्यांनी निम्म्यात थांबवलं आणि माइकमध्ये म्हणाले, "बाई, किती झाले?"

मी पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेत बसले होते, हातात निमंत्रणपत्रिका होती, पेन्सिल नव्हती. त्यांची नजर नेमकी माझ्यावर होती. मला उठून काहीतरी म्हणता आलं असतं. काय, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी पत्रिकेकडं पाहिलं. त्यावर महर्षी लिहिलं होतं.

"सर भावुक झाले आहेत," सूत्रसंचालक पुढं होत म्हणाला.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "पोराइले जेवू द्या," ते म्हणाले. त्या दिवशीच्या सगळ्या वाक्यांत या एकाच वाक्याला पोरांनी मनापासून टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांत त्यांच्या खांद्यावर शाल पडली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता की बालकांच्या भुकेनं महर्षींचं हृदय द्रवलं.

परतीच्या गाडीत वहिनी पुढं बसल्या आणि त्यांना झोप लागली. आम्ही दोघं मागं. दिग्रस येईपर्यंत गुरुजी बाहेरच बघत होते.

"बाई, शाळेत खिचडी कवा वाटून राह्यलते?"

"बाराला," मी म्हटलं.

"पह्यल्या दिवसापासून?"

"नाही. पहिल्या दिवशी टिंबं होती. मी खोडली."

"किती?"

"मोजली नाहीत."

त्यांनी मान हलवली. मी रडले असते तर बरं झालं असतं, निदान कुणाला काहीतरी करायला मिळालं असतं. पण गाडीत नुसता डिझेलचा वास येत होता.

"एका पोरीच्या गालाले हळद लागलती," ते म्हणाले. "चौथ्या प्रकरणाले. कागद घ्याले मी मान वर केली, तवा दिसली. मले वाटलं घरची असन. कायले घरची असन? शाळेत येताना कोणती माय हळद लावून धाडते? पण मले तसंच वाटून घ्यायचं होतं."

"गुरुजी, चूक माझी आहे."

"तुमची तं हायेच," ते म्हणाले. "तुमाले वाटलं, म्हातारा मरन. अहो, म्हातारा मरनच. पण पुस्तक तं माह्या मांगं राहीन ना. पोट्टे थ्याच्यावरच ओळखतीन मले." मग दारव्ह्याच्या अलीकडं: "दुसऱ्या आवृत्तीच्या आधी खरं वाचू. खिचडीच्या आधी. जे टिंब पडतीन ते पडतीन. जेवढं उरन तेवढं छापू. चार पानं उरले तं चार."

मी हो म्हटलं. प्रकाशकाला त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन करवला. शाळांच्या वाचनालयांसाठी पुस्तक घेतलं जाणार होतं, दुसरी आवृत्ती लवकरच लागणार होती. जानेवारीअखेरपर्यंत दुरुस्त्या द्या, असं प्रकाशक म्हणाला. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी वाचायचं ठरलं.

सुट्टीतच दुसरा झटका आला. या वेळी बोलणं गेलं. उजवा हात पूर्ण गेला. समजत सगळं होतं, असं वहिनी म्हणायच्या. डॉक्टर म्हणायचे, किती समजतं ते सांगता येत नाही. मला डॉक्टरांचं खरं वाटायचं आणि वहिनींकडं बघून त्यांचं म्हणावं लागायचं.

मी जायची तेव्हा ते डाव्या हातानं पुस्तकावर बोट आपटायचे आणि माझ्याकडं बघायचे. एकदा, दोनदा, मी निघेपर्यंत. जानेवारी लागला होता. मी एकटीनं ओळी कापाव्यात, असं प्रकाशक म्हणाला. एवढ्या वर्षांचा तुमचा अनुभव आहे, म्हणाला. पण मी फक्त टिंबं देत आले होते. कात्री कधी लावली नव्हती. टिंब कसं पडतं हे कळणं निराळं, आणि टिंब पडलेल्या ओळीच्या जागी काय उरावं हे कळणं निराळं. ते त्या एका डोक्यात होतं आणि त्या डोक्याचं दार आतून लागलं होतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी त्यांना शाळेत आणलं. व्हॅनमधून, वहिनी आणि मी धरून. मावशीला सांगितलं, एकलाच वाढायचं, आणि सांभार हात राखून टाकू नका. या वेळी तिनं काही विचारलं नाही.

वाचणार मी होते. गुरुजींना मागं, अलमारीपाशी, माझ्या नेहमीच्या जागी खुर्चीत बसवलं. मांडीवर फळी, फळीवर छापील पुस्तक, डाव्या हातात निळी पेन्सिल. त्यांनी ती हातात घेतली आणि टोक तपासलं. म्हणजे वहिनींचं खरं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. टोक तपासणारा माणूस आत असतोच.

मी वाचायला लागले. पाल म्हातारी झाली आहे. मुंग्या गोळा झाल्या आहेत. मी त्यांच्यासारखंच डोकं खाली ठेवलं, कारण पोरं मलाही भितात. बाहेर झाकण वाजलं. वास आला. तूरडाळीची होती, लसणाची फोडणी. माझ्याही पोटात ओढ लागली. वाचताना मला पेन्सिलचा आवाज ऐकू यायचा होता, कागदावरचा तो बारीक टक्. एक आला. थोड्या वेळानं आणखी दोन. मी मनात हिशेब ठेवू लागले की ही कुठली ओळ होती. मग आवाज थांबले. एक अख्खं पान आवाज आला नाही. मला वाटलं, हे पान धरतंय. हे पान राहील. मी आवाज थोडा चढवला.

पान संपल्यावर मी वर पाहिलं.

पोरांच्या माना वळल्या होत्या. ते अपेक्षितच होतं. पण त्यांच्या मागं, अलमारीपाशी, गुरुजींची मानही डावीकडं वळलेली होती. पेन्सिल मांडीवर पडली होती. ते खिडकीतून गंजाकडं बघत होते. मावशी पळीनं खिचडी वरखाली करत होती आणि ते त्या पळीकडं बघत होते, तोंड थोडं उघडं ठेवून, पहिल्या रांगेतल्या पोरांसारखं.

मी त्यांना हाक मारली. "गुरुजी." त्यांनी ऐकलं नाही. त्या माणसाला बेचाळीस पुस्तकांत स्वतःच्या या मानेइतका स्पष्ट निकाल कुणी दिला नव्हता, किंवा ती नुसती एका आजारी माणसाची भूक होती. कुठलं खरं, हे विचारायची सोय राहिलेली नाही. मी जवळ जाऊन पुस्तक घेतलं. पहिल्या पानावर तीन टिंबं होती. डाव्या हातानं दिलेली. एकही ओळीवर नव्हतं. दोन टिंबं ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत होती, एक समासात.

"ही ओळ का?" मी बोट ठेवून विचारलं. "की ही खालची?"

ते अजून खिडकीकडं बघत होते.

"वाढू का मॅडम?" मावशीनं शेडमधून विचारलं.

घड्याळात एकला सात मिनिटं होती. पोरं माझ्याकडं बघत होती. गुरुजीही आता बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पोरांपेक्षा वेगळं असं काही मला सापडलं नाही.

"वाढा," मी म्हटलं.

वहिनींनी त्यांना चमच्यानं भरवलं. त्यांनी पूर्ण ताट खाल्लं, शेवटी डाव्या हातानं ताटाची कड चाटून घेतली. एवढं ते महिन्यात जेवले नव्हते, असं वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या. मावशीनं आणखी एक पळी वाढली.

प्रकाशकाला मी कळवलं की दुरुस्त्या नाहीत. दुसरी आवृत्ती तशीच निघाली. ती आमच्या शाळेतही आली आहे, पंधरा प्रती. कव्हरं शाबूत आहेत.